बारा व्होल्टला बारा व्होल्ट पुरत नाहीत

शिशाचा संचायक घट आपण सर्वांनी शिकलेला असतो आणि आपल्यापैकी अनेकांनी तो शिकवलेलाही असतो. दोन पट्ट्या, मध्ये विरल गंधकाम्ल, आणि 'हा घट पुन्हा भारित करता येतो' हे वाक्य. या वाक्याला परीक्षेत एक गुण असतो. घट भारित व्हायला किती वेळ लागतो, किती दाब लागतो, आणि शेवटचा थोडासा भार भरायला इतका उशीर का होतो, हे सहसा कोणी विचारत नाही. मीही कधी विचारले नव्हते. २०१२ सालच्या ऑक्टोबरमधल्या एका थंड रात्री मात्र हे प्रश्न मला पहाटे साडेतीन वाजता विचारले गेले, आणि उत्तर न आल्यामुळे सहा माणसांना सकाळ होईपर्यंत कुडकुडत बसावे लागले.

त्या वर्षी मी संशोधनाच्या निमित्ताने अमेरिकेत ॲरिझोना राज्यात होतो. तिथे स्थायिक झालेला माझा कॉलेजमधला मित्र, त्याची पत्नी, दोन मुले आणि पुण्याहून आलेली त्याची आई अशा सर्वांबरोबर ग्रँड कॅन्यन पाहायला जायचे ठरले. काकूंना हॉटेलपेक्षा 'आपल्या हाताचा चहा' हवा होता, म्हणून मित्राने आर. व्ही. भाड्याने घेतली. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. त्यात पलंग, ओटा, शीतकपाट, न्हाणीघर आणि गॅसवर चालणारा हीटर असतो. तळावर विजेची जोडणी असेल तर प्रश्नच नसतो. आमच्या तळावर ती नव्हती. अशा वेळी दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा ही सगळी कामे गाडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, आणि ती बॅटरी भरायला लोक सुटकेसएवढा, पेट्रोलवर चालणारा जनरेटर सोबत नेतात. मित्राने तसा एक जनरेटर ओळखीच्या माणसाकडून मागून आणला होता.

अडचण अशी आली की गाडीच्या जाड केबलचा प्लग जनरेटरच्या सॉकेटमध्ये बसेना. मधे लावायचा जोड आम्ही आणलाच नव्हता. पण जनरेटरवर '१२ व्होल्ट डी. सी.' असे लिहिलेले आणखी एक सॉकेट होते आणि त्यासोबत दोन चिमटे असलेली वायरही होती. मित्र म्हणाला, "अरे, बॅटरीवर बारा लिहिलंय, जनरेटरवरही बारा लिहिलंय. याला काय डॉक्टरेट लागते?" मला ते पटले. आम्ही चिमटे लावले, संध्याकाळी दोन तास जनरेटर चालवला, आणि बॅटरी भरली असे समजून झोपलो.

पहाटे हीटर बंद पडला. बाहेरचे तापमान शून्याच्या जवळ होते. हीटरला गॅस भरपूर होता, पण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि पंख्याची हवा पुरेशा जोराने वाहत नसेल तर सुरक्षेसाठी गॅसची झडप उघडतच नाही. म्हणजे इंधन शिल्लक असूनही विजेवाचून ऊब बंद. काकूंचे हातपाय गार पडले होते. मित्र जनरेटर सुरू करायला उठला. ती वायर जेमतेम दोन मीटरची असल्याने जनरेटर गाडीच्या दाराशी, पलंगाच्या खिडकीखालीच ठेवावा लागणार होता. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही असा उद्यानाचा नियम होता, पण त्याला अडवायचे माझे कारण वेगळे होते. ते पुढे सांगतो. आधी चूक कुठे झाली ते पाहू.

हिशेब

बॅटरीवर १०० अँपिअर-तास असे लिहिले होते. म्हणजे ५ अँपिअरचा प्रवाह सुमारे २० तास मिळेल. हीटरचा पंखा साधारण ८ अँपिअर घेतो. रात्रीच्या दहा तासांत तो निम्मा वेळ चालला असे धरले तर ४० अँपिअर-तास गेले. दिवे, पंप आणि इतर किरकोळ खर्च १० धरा. पहिल्या रात्री एकूण ५० खर्च झाले आणि बॅटरी निम्म्यावर आली.

जनरेटरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त ८ अँपिअर मिळतात. दोन तासांत झाले १६ अँपिअर-तास. भरलेला सगळा भार परत मिळत नाही, म्हणून पदरात पडले १४ च्या आसपास. दुसऱ्या रात्रीचा खर्च पुन्हा ५०. जमाखर्च कुठल्या बाजूला झुकतो हे सहावीतला मुलगाही सांगेल. जनरेटर 'दोन हजार वॅटचा' होता, पण त्या सॉकेटमधून त्यातले शंभर वॅटच बाहेर येत होते. ओढ्यावर उभे राहून चमच्याने घागर भरावी, तसला प्रकार.

बाराची बॅटरी बाराची नसते

दुसरी गोष्ट दाबाची. बॅटरीवर १२ व्होल्ट लिहितात ते सोयीसाठी. आत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भारित घटाचा दाब दोन व्होल्टपेक्षा किंचित जास्त असतो. भार जसा उतरतो तसे आम्लही विरळ होते, कारण विसर्जनात गंधकाम्ल वापरले जाते आणि पाणी तयार होते:

शिसे + शिसे डायऑक्साइड + गंधकाम्ल ⇌ शिसे सल्फेट + पाणी

डावीकडून उजवीकडे जाताना वीज मिळते, उजवीकडून डावीकडे नेताना वीज द्यावी लागते. दोन्ही पट्ट्यांवर शेवटी शिसे सल्फेटच तयार होते. म्हणूनच आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजून बॅटरीची स्थिती कळते. काही तास स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीसाठी साधारण आकडे असे:

पूर्ण भारित — १२.७ व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.२७
निम्मी — १२.२ व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.१९
रिकामी — ११.८ व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.१२

पूर्ण आणि रिकामी यांत एक व्होल्टाचेही अंतर नाही. आता ही बॅटरी भरायची तर प्रवाह उलट दिशेने ढकलायला हवा, म्हणजे बाहेरचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा जास्त हवा. किती प्रवाह जाईल हे चार्जरच्या दाबावर ठरत नाही, तर चार्जरचा दाब आणि बॅटरीचा विरोधी दाब यांच्या फरकावर ठरते. हा फरक भागिले रोध, म्हणजे प्रवाह. हा ओहमचाच नियम आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बॅटरीचा विरोधी दाब १२.४ व्होल्ट आणि वायर धरून एकूण रोध ०.०५ ओहम आहे. चार्जर १४.४ व्होल्टचा असेल तर फरक २ व्होल्ट, म्हणून प्रवाह ४० अँपिअर. चार्जर १३.६ व्होल्टचा असेल तर फरक १.२ व्होल्ट आणि प्रवाह २४ अँपिअर. थोड्या वेळाने भरता भरता बॅटरीचा विरोधी दाब १३.२ झाला. आता पहिला चार्जर २४ अँपिअर देतो, दुसरा फक्त ८. चार्जरांच्या दाबात फरक सहा टक्के, प्रवाहात तिप्पट! आर. व्ही.मधील बरेच जुने चार्जर कायम १३.६ व्होल्टच देतात. बॅटरी महिनोन्‌महिने जोडून ठेवायला तो दाब उत्तम, पण दोन तासांत भरायची असेल तर अगदीच अपुरा. नवे चार्जर आधी १४.४ पर्यंत नेतात आणि बॅटरी भरत आली की १३.६ च्या आसपास उतरतात.

थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात, त्यामुळे आणखी जास्त दाब लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी दर अंशामागे सुमारे ०.०३ व्होल्ट. २५ अंशांना १४.४ व्होल्ट योग्य असतील, तर ५ अंशांना १५ व्होल्ट हवेत. आमची सकाळ तशीच होती.

वायरीचा वाटा

आता वायर पाहू. ४ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची वायर, जायला तीन मीटर आणि यायला तीन मीटर. तांब्याची रोधकता, लांबी आणि छेद यांवरून रोध येतो सुमारे ०.०२५ ओहम. इतका लहान रोध आपण वर्गात सरळ सोडून देतो. पण ३० अँपिअर प्रवाह असेल तर याच वायरीत पाऊण व्होल्ट खर्ची पडतो. बारा व्होल्टांत पाऊण व्होल्ट म्हणजे फार नाही असे वाटेल. पण तुलना बाराशी करायची नाही, ती ढकलणाऱ्या फरकाशी करायची. दोन व्होल्टांच्या फरकातला पाऊण व्होल्ट म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त.

आता तीच शक्ती १२० व्होल्टवर न्या. (अमेरिकेत घरगुती दाब १२० व्होल्ट असतो, आपल्याकडे २३०.) चार्जरला नऊएक अँपिअर लागतील. अडीच चौरस मिलिमीटरच्या दहा मीटर लांब दुहेरी केबलमध्ये घट होईल सुमारे सव्वा व्होल्ट, म्हणजे १२० मधला टक्काभर. म्हणून नियम असा की चार्जर बॅटरीच्या जवळ आणि जनरेटर लांब. लांबचे अंतर जास्त दाबाने कापावे, कमी दाबाची वायर आखूड आणि जाड ठेवावी. कोयनेची वीज दूरवर नेताना उच्च दाबाच्या तारा का वापरतात, याचे हेच उत्तर आहे. इथे ते दहा मीटरांत दिसते.

मी मित्राला का अडवले

जनरेटर लांब ठेवता येणे ही नुसती सोय नाही. इथे माणसे मरतात. पेट्रोलच्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट धरते. जागा माणूस डोके दुखते, मळमळते म्हणून कदाचित बाहेर पडेल. झोपलेला माणूस उठतच नाही. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा सरकारी आयोग आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे सुटसुटीत जनरेटरच्या धुरामुळे त्या देशात वर्षाला सुमारे शंभर माणसे मरतात. जनरेटर घरापासून निदान २० फूट, म्हणजे सहा मीटर दूर, दारे-खिडक्यांपासून लांब आणि धूर बाहेरच्या दिशेने जाईल असा ठेवावा, अशी त्याची सूचना आहे. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तोच हा वायू.

दोन मीटरच्या वायरीने बांधलेला जनरेटर खिडकीखाली ठेवून, आत सहा माणसे झोपलेली. मी म्हणालो, "थंडीने आपण आजारी पडू, पण सकाळी उठू तरी." काकू आणि मुलांना सगळ्या रजया देऊन एका पलंगावर बसवले आणि उजाडायची वाट पाहिली.

शेजारच्या आजोबांचे मीटर

सकाळी शेजारच्या गाडीतले एक आजोबा आमची कळकट तोंडे पाहून चौकशीला आले. आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचे काम करून निवृत्त झालेले. त्यांनी आपल्या पेटीतून प्लगचा जोड काढून दिला, जनरेटर लांब नेऊन वाऱ्याची दिशा बघून ठेवायला लावला, आणि बॅटरीच्या वायरीवर क्लॅम्प मीटर लावले. तळावर जनरेटर चालवायची परवानगी ठरावीक वेळेतच होती, त्यामुळे हाताशी दोनच तास होते. आता गाडीतला चार्जर चालू होता. सुरुवातीला प्रवाह ३८ अँपिअर. तासाभराने २७. दोन तासांनी १६.

मधेच वहिनींनी मायक्रोवेव्ह लावला आणि जनरेटर बंद पडला. त्याचेही गणित आहे. आम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर होतो. तिथे हवा विरळ. दर ३०० मीटरला इंजिनाची शक्ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे तिथे एक चतुर्थांश गेलीच. 'दोन हजार' हा आकडा क्षणभराच्या शक्तीचा असतो. सतत मिळणारी शक्ती होती १,६०० वॅट, ती उरली १,२०० वर. चार्जर बॅटरीला साडेसहाशे वॅटपर्यंत देतो, पण स्वतःचे नुकसान आणि प्रवाहाचा वेडावाकडा आकार धरून जनरेटरवर हजाराच्या पुढे भार टाकतो. मायक्रोवेव्हला जागाच नव्हती.

दोन तासांत बॅटरीत ५० च्या आसपास अँपिअर-तास गेले, आदल्या संध्याकाळच्या तिप्पट. पेट्रोल मात्र तिप्पट लागले नाही. मित्राने आजोबांना विचारले, "आणखी दोन तास चालवला असता तर पूर्ण भरली असती का?" आजोबा हसले. म्हणाले, पहिले ऐंशी टक्के तुमच्या जनरेटरचे, शेवटचे वीस टक्के बॅटरीच्या मर्जीचे.

शेवटचे वीस टक्के

ही मर्जी कशाची? पट्ट्या भरीव नसतात. गॅस्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केलेल्या पहिल्या घटात शिशाचे पत्रेच होते. १८८१ मध्ये कामी फोर यांनी पत्र्यावर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढली, आणि तेव्हापासून पट्टी म्हणजे सच्छिद्र स्पंज झाली. भरण-विसर्जन होते ते या छिद्रांच्या आत.

भरायला सुरुवात करतो तेव्हा छिद्रांच्या भिंतींवर शिसे सल्फेट सगळीकडे पसरलेले असते. ते विजेचे दुर्वाहक आहे, पण वाहक शिशाला चिकटलेले कण भरपूर असतात, म्हणून क्रिया जोरात चालते. पुढे हे सोपे कण संपतात. उरलेल्या कणांना आधी विरघळावे लागते, आणि शिसे सल्फेट फारच थोडे विरघळते. दुसरीकडे, भरताना छिद्रांच्या आत गंधकाम्ल तयार होत असते आणि त्याला विसरणाने बाहेर यावे लागते. ते साचले की आतला आम्लाचा भाग दाट होतो आणि बॅटरीचा विरोधी दाब वाढतो. म्हणजे बॅटरी जितकी भरत जाते तितकी आपल्यालाच जोरात विरोध करते.

मग दाब आणखी वाढवला तर? तर पाणी फुटते. एका घटाचा दाब सुमारे २.४ व्होल्टच्या वर, म्हणजे बॅटरीचा १४.४ च्या वर गेला की सल्फेटाचे रूपांतर होण्याऐवजी बरीचशी वीज पाण्याच्या विद्युत् अपघटनात जाते. हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, पाणी कमी होते, आणि बॅटरीच्या पेटीत हायड्रोजन साचला तर ठिणगीने स्फोटही होऊ शकतो. हवेत चार टक्के हायड्रोजन पुरतो. म्हणूनच चार्जर बंद केल्याशिवाय बॅटरीचे चिमटे काढायचे नाहीत.

इथे चौकस विद्यार्थी एक शंका काढेल आणि ती काढायलाच हवी. पाणी फुटायला तत्त्वतः १.२३ व्होल्टच पुरतात. मग दोन व्होल्टच्या घटातले पाणी आपोआप का फुटत नाही? कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे फार नाखुशीने तयार होतात. त्यासाठी बराच जादा दाब द्यावा लागतो. शिशाच्या या अंगच्या आळसावरच ही बॅटरी उभी आहे. दुसरा एखादा धातू, अगदी थोडा जरी अशुद्धी म्हणून मिसळला, तर तो आळस मोडतो आणि बॅटरी पडल्या पडल्या उतरू लागते. डिस्टिल्ड वॉटरचा आग्रह धरतात तो त्यासाठीच.

मी हे सगळे समजावून सांगत होतो तेव्हा काकू चहा गाळत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, कोरड्या कुंडीला पाणी घालण्यासारखंच आहे की. आधी घालशील तेवढं पिते. मग थेंबथेंब घालायचं, नाहीतर बशीतून बाहेर." दृष्टांत चपखल आहे. माती म्हणजे सच्छिद्र पट्टी, बशीतून सांडलेले पाणी म्हणजे वायूचे बुडबुडे. आपल्याकडे गावातला बॅटरी चार्जिंगवाला ट्रॅक्टरची बॅटरी ठेवून घेतो आणि "उद्या सकाळी न्या" म्हणतो, तोही याच कारणाने.

अर्धवट भरण्याची किंमत

मग रोज ऐंशी टक्केच भरावी आणि सोडून द्यावे का? एकदोन दिवस चालते. पण पट्ट्यांवर मागे राहिलेले शिसे सल्फेट स्वस्थ बसत नाही. बारीक स्फटिक विरघळतात आणि मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतात. आठवडे गेले की कठीण, जाड थर होतो आणि तो पुढे विजेला दाद देत नाही. १०० ची बॅटरी ८० ची, मग ६० ची होते. भाड्याच्या गाडीतली आमची बॅटरी बहुधा अशीच झालेली होती. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी इन्व्हर्टर आले. दिवसात दोन-तीनदा वीज जायची आणि मधल्या वेळात बॅटरी पुरती भरायची नाही, अशा घरांतल्या बॅटऱ्या लवकर का गेल्या, याचे एक कारण हेच.

थंड मुलखात आणखी एक धोका असतो. भरलेल्या बॅटरीतले दाट आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीतले जवळजवळ पाण्यासारखे आम्ल उणे दहाच्या आधीच गोठते आणि पेटी फुटते.

मग शहाणपणाचा मार्ग कोणता? जनरेटर सकाळी, बॅटरी सर्वांत रिकामी असताना चालवावा, तेव्हा ती जास्तीत जास्त प्रवाह घेते. प्रवाह बराच उतरला की बंद करावा. पेट्रोलचे गणितही तेच सांगते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. असा छोटा जनरेटर पूर्ण भारावर लिटरला साधारण दीड युनिट वीज देतो, पण पाव भारावर जेमतेम एक युनिट देतो. १६ अँपिअरसाठी इंजिन चालवणे म्हणजे एका प्रवाशासाठी एस. टी. सोडणे. शेवटचे वीस टक्के भरायला सौर पट्टी योग्य. शंभर वॅटची पट्टी भर उन्हात पाच-सहा अँपिअर देते आणि दिवसभर न थकता देते. बॅटरीला तेव्हा हवा असतो तोही तेवढाच मंद प्रवाह. इंजिनाने मोठा घास भरवावा, सूर्याने पोट भरावे.

अलीकडे आर. व्ही.मध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्या जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण प्रवाह घेतात आणि अर्धवट ठेवल्या तरी बिघडत नाहीत, त्यामुळे जनरेटरचे तास खूप कमी होतात. पण शून्य अंशाखाली त्या भरायच्या नसतात, कारण पट्टीवर धातुरूप लिथियम साचते. आमच्या त्या पहाटे त्यांनाही थोडे थांबावेच लागले असते.

वर्गात करून पाहण्यासारखे

पहिला प्रयोग. शिशाच्या दोन पट्ट्या स्वच्छ घासून विरल गंधकाम्लात एकमेकींना न लागता उभ्या करा. सुमारे चार-साडेचार व्होल्ट दाबाने पाचएक मिनिटे प्रवाह द्या. धनभाराकडची पट्टी तपकिरी होईल, तो शिसे डायऑक्साइड. आता उगम काढून व्होल्टमीटर जोडा, दोन व्होल्टच्या आसपास दाब दिसेल. टॉर्चचा लहान दिवा काही सेकंद लागेल. भरण-विसर्जन पुन्हा पुन्हा केले की दिवा दर खेपेस थोडा जास्त वेळ जळतो, कारण पट्टीचा पृष्ठभाग सच्छिद्र होत जातो. प्लांते यांनी हेच केले होते. आम्ल शिक्षकांनीच हाताळावे, आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही नाही. डोळ्यांना चष्मा हवा, खिडक्या उघड्या हव्यात, आणि शिसे विषारी असल्याने शेवटी सर्वांनी हात साबणाने धुवावेत.

दुसरा प्रयोग. आपत्कालीन दिव्यातली ६ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाची बंद बॅटरी एखाद्या बल्बवर निम्मी उतरवा. मग ७.२ व्होल्ट स्थिर दाब देणाऱ्या व प्रवाह ०.८ अँपिअरच्या वर न जाऊ देणाऱ्या उगमाला अँमीटरमधून जोडा. दर दहा मिनिटांनी प्रवाह लिहा आणि आलेख काढा. सुरुवातीला रेषा आडवी जाईल, मग घसरगुंडीसारखी उतरेल आणि शेवटी कितीतरी वेळ शून्याच्या जरा वर रेंगाळेल. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे भरलेला भार. चौकोन मोजून विद्यार्थी ते काढू शकतील. निम्मा भार भरायला किती वेळ लागला आणि शेवटचा दहावा हिस्सा भरायला किती, ही तुलना त्यांनाच करू द्या.

आणि मग त्यांना हा प्रश्न घाला: एका तळावर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास जनरेटर चालवायची परवानगी आहे. रोजचा खर्च ५० अँपिअर-तास, बॅटरी १०० अँपिअर-तासाची. ८ अँपिअरचे सॉकेट वापरले तर काय होईल? ४० अँपिअरचा चार्जर वापरला तर काय होईल? जनरेटर कुठे ठेवाल? शेवटच्या प्रश्नाला गुण सर्वांत जास्त ठेवा. पहिले दोन चुकले तर रात्र थंडीत काढावी लागते, एवढेच. तिसरा चुकायला नको.